पोट मंद आणि उभं राहिलं की घेरी: दोन्ही एकत्र कसं सांभाळता?

निळाई

नमस्कार. स्वायत्त मज्जासंस्थेचा (नाडी, रक्तदाब, पचन आपोआप चालवणाऱ्या नसांचा) विकार आणि जोडीला न हटणारी बद्धकोष्ठता असं दुहेरी दुखणं ज्यांच्या वाट्याला आलंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा काढतेय. मला पॉट्स आहे. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी चढते (१२ ते १९ वर्षांच्या मुलांत ४०), रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. नाडीबद्दल सगळे विचारतात. पोटाचं कोणी विचारत नाही आणि आपणही संकोचानं बोलत नाही. मग हृदयाचे डॉक्टर वेगळे, पोटाचे वेगळे, आणि दोघांच्या औषधांचं एकमेकांशी पटतंय का हे बघायला कोणीच नाही, अशी गत होते.

जठर कधी रिकामं व्हावं, आतड्यातलं अन्न कधी पुढे सरकावं, शौचाच्या वेळी गुदद्वाराचा आतला स्नायू कधी सैल पडावा, हे सगळं याच मज्जासंस्थेच्या हातात असतं. मेंदूकडून येणारी व्हेगस नस जठर, लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा निम्म्याहून अधिक भाग सांभाळते. त्यापुढचा भाग आणि गुदाशय यांच्याकडे पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकातून नसा येतात. शिवाय आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं असतंच. त्यामुळे बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे त्यावरून त्रासाचं रूप बदलतं.

माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं एवढंच, की 'पचन मंद आहे' एवढ्या निदानावर उपाय सुरू करू नका. कुठे मंद आहे ते आधी शोधून घ्या. चार घास खाल्ले की पोट भरतं, तासन्‌तास मळमळतं, आदल्या जेवणातलं अन्न उलटीत पडतं, तर संशय जठरावर. दिवस उलटले तरी वेगच येत नाही, तर मोठ्या आतड्यावर. वेग येतो, पण कितीही कुंथलं तरी मळ बाहेर पडत नाही, बोटानं मदत करावी लागते, उठल्यावरही अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, तर अडचण अगदी शेवटच्या टप्प्यावर, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंत. एका माणसात दोन किंवा तिन्हीही असतात. उपाय मात्र वेगवेगळे आणि काही तर एकमेकांच्या उलट.

पॉट्स आहे म्हणजे जठर मंदच असणार असंही समजू नका. काही जणांचं जठर नेहमीपेक्षा लवकर रिकामं होतं, आणि तेव्हाही मळमळ, पोट फुगणं, जेवल्यावर धडधड हीच लक्षणं दिसतात. नुसत्या लक्षणांवरून ओळखणं अवघड आहे.

तुमचे अनुभव लिहा. कुठली औषधं चालू आहेत तेही लिहा, कारण त्यांचा पोटाशी संबंध असतो.

कवडसा

फार गरजेचा धागा. मलाही पॉट्स आहे आणि सांधेही गरजेपेक्षा जास्त वाकतात. सगळीकडून एकच सल्ला मिळतो: तंतुमय खा, पाणी प्या, चाला. मी कोंडा, कच्च्या भाज्या, इसबगोल सगळं मनापासून केलं. पोट टम्म फुगतं, खाल्लेलं वर येतं आणि शौचाला तरीही होत नाही. घरचे म्हणतात, अजून वाढव. वाढवू का?

निळाई

कवडसा, वाढवू नका, आधी थांबून बघा. तंतुमय पदार्थांचा सल्ला ज्यांचं आतडं नीट हलतंय त्यांच्यासाठी उत्तम आहे. त्यानं मळाचा आकार वाढतो, आतड्याची भिंत ताणली जाते आणि त्या ताणामुळे आतडं आकुंचन पावतं. पण आकुंचनाचा आदेश देणाऱ्या नसाच थकल्या असतील तर वाढलेला ऐवज नुसता पडून राहतो, आंबतो आणि गॅस धरतो. जठर मंद असेल तर साली, देठ, कोंडा असे न विरघळणारे तंतू जठरातच साठून त्यांचा गोळा होऊ शकतो. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतं, त्यामुळे ते कोंड्यापेक्षा मळाला मऊ ठेवतं. पण ते जठर रिकामं व्हायला उशीर लावतं, आणि कमी पाण्यात घेतलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं.

आपल्यासारख्यांना बहुधा आधी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर सोसते. नेहमीचं माप १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. ती आतड्यात शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. लॅक्टुलोजही तेच करतं, पण आतड्यातले जंतू ते आंबवतात, म्हणून फुगणारं पोट आणखी फुगतं. पावडरीचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी डोस दुप्पट केला की जुलाब होतात, आणि जुलाब म्हणजे शरीरातलं मीठ-पाणी गेलं, म्हणजे पुन्हा घेरी. आपल्याला बद्धकोष्ठता आणि जुलाब दोन्ही महागात पडतात, म्हणून माप सावकाश, दर काही दिवसांनी थोडं असं बदलायचं.

उंबरठा

बाबांना पार्किन्सन्स आहे. थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्यांना बद्धकोष्ठता होती. तेव्हा वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. आता कळलं की या आजारात असं पुष्कळदा होतं. २००३ मध्ये ब्राक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं तर अशी मांडणी केली की काही रुग्णांत आजाराची सुरुवात आतड्याच्या मज्जाजाळ्यातून होऊन तो व्हेगसमार्गे मेंदूकडे जात असावा. ती सगळ्यांना लागू पडते का यावर वाद आहे.

आमच्या घरात पोटाचा प्रश्न पोटापुरता राहत नाही. लेवोडोपा, म्हणजे बाबांची पार्किन्सन्सची गोळी, लहान आतड्यात शोषली जाते. जठर भरलेलं आणि मंद असलं की गोळी जठरातच बसून राहते, आणि बाबा ताठलेले राहतात. पोट साफ झालं त्या दिवशी गोळी वेळेवर काम करते, हा फरक आम्हाला स्पष्ट दिसतो. आम्ही गोळी जेवणाआधी बऱ्यापैकी वेळ ठेवून देतो, कारण प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात.

एक इशारा, जो इथे प्रत्येकानं वाचावा असं मला वाटतं. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड सर्रास दिलं जातं. पार्किन्सन्सच्या माणसाला ते द्यायचं नसतं, कारण ते मेंदूतला डोपामिनचा परिणाम अडवतं. नवीन डॉक्टर, रात्रीची धावपळ, सलाइन लावताना दिलेलं इंजेक्शन, अशा वेळी कोणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो औषधांच्या पिशवीत ठेवला आहे.

निळाई

उंबरठा, तो कागदाचा उपाय सगळ्यांनी करावा. मेटोक्लोप्रमाइड इतरांनीही जपूनच घ्यायचं औषध आहे. चेहऱ्याच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली जडतात आणि काही वेळा कायमच्या राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला आणि १२ आठवड्यांपुढे घेऊ नये असं सांगितलं. मळमळीचंच दुसरं औषध, डॉम्पेरिडॉन, मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतं, म्हणून आधी ईसीजी काढून घ्यावा. आणि डॉम्पेरिडॉनबरोबर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालत नाही. जठर हलवायला एरिथ्रोमायसिन कमी डोसमध्ये देतात, पण काही आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. पॉट्सवाल्यांपैकी जे नाडी मंदावणारं आयवाब्रॅडिन घेतात त्यांनाही एरिथ्रोमायसिन चालत नाही. पोटाच्या डॉक्टरांना नाडीच्या गोळ्यांची नावं सांगायलाच हवीत ती याचसाठी.

सांजवारा

मी पॉट्सवाला नाही. माझा रक्तदाबच उभं राहिलं की पडतो, वरचा आकडा २० पेक्षा जास्त. मला विचारायचंय ते संडासातल्या भोवळीबद्दल. सकाळी जोर करताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा तिथेच पडलो आणि कपाळाला टाके पडले. आता भीतीनं वेग आला तरी दाबून धरतो, आणि त्यामुळे खडा आणखी घट्ट होतो. काय करावं?

निळाई

सांजवारा, हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त धोका इथेच आहे.

श्वास रोखून कुंथलं की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. निरोगी माणसात रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जातात आणि रक्तदाब सावरतो. आपल्यात ती आवळण्याची यंत्रणाच दुबळी असते, त्यामुळे कुंथत राहू तितका वेळ दाब खाली जात राहतो. जोर सोडल्यावर जो परत उसळायला हवा तोही उसळत नाही. त्यात तुम्ही लगेच उभे राहिलात की झालंच.

सकाळची वेळ आणखी पेचाची. मोठं आतडं सर्वांत जास्त हलतं ते जाग आल्यावर आणि सकाळच्या खाण्यानंतर. जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला पुढे ढकलायचा संदेश जातो. म्हणजे शौचाची उत्तम वेळ तीच. आणि रक्तदाब पडणाऱ्यांचा सर्वांत वाईट काळही तोच, कारण रात्रभर आडवं असताना मूत्रपिंडांनी मीठ-पाणी बाहेर टाकलेलं असतं. म्हणून ही वेळ टाळण्यापेक्षा तिची तयारी करायची.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे देऊन ती बाजू उंच करा. नुसत्या उशा वाढवून तो परिणाम होत नाही. बाजू उंच असली की रात्री लघवीवाटे मीठ-पाणी कमी जातं आणि छातीत जळजळही कमी होते. जाग आल्यावर पलंगावर बसूनच पाणी प्या. मज्जासंस्था निकामी होत चाललेल्यांत साधारण अर्धा लिटर पाणी भरभर प्यायलं तर काही मिनिटांत रक्तदाब चढायला लागतो आणि साधारण अर्ध्या तासात तो सर्वांत वर असतो. जठर मंद असेल तर एवढं पाणी एकदम सोसणार नाही, मग घोट घोट घ्या आणि वेळ जास्त द्या. मग पाय खाली सोडून बसा, पोटऱ्या आवळा-सोडा, थोडं खा आणि त्यानंतर जा.

बसताना पायांखाली पाट घ्या, गुडघे कंबरेपेक्षा वर येऊ देत. त्या स्थितीत गुदाशयाचा बाक सरळ होतो आणि कमी जोर लागतो. श्वास रोखू नका. तोंड किंचित उघडं ठेवून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत पोट पुढे फुगवा. काही मिनिटांत होत नसेल तर उठा, पुन्हा वेग येईल तेव्हा या. उठण्याआधी मांड्या आवळून थोडं बसा. दाराला आतून कडी लावू नका, आणि हाताशी धरायला पक्की दांडी बसवून घ्या.

वेग दाबून धरण्याबद्दल मात्र हात जोडून सांगते, ते थांबवा. दाबलेला वेग पुन्हा लवकर येत नाही, आणि मळातलं पाणी शोषलं जातच राहतं.

सांजवारा

मनापासून धन्यवाद. पाट आणि पलंगाचे ठोकळे दोन्ही आजच करतो. डॉक्टरांनी पोटाला आवळणारा पट्टा दिला आहे, तो संडासात असू द्यावा का?

निळाई

चालताना, उभं राहताना तो उपयोगी, कारण पोटातल्या रक्तवाहिन्यांत साचणारं रक्त तो वर ढकलतो. पण जेवल्यावर जठर भरलेलं असताना घट्ट आवळला तर मळमळ आणि जळजळ वाढते. संडासात पोट पुढे फुगवायचं असतं, तिथे तो आड येतो. मी तिथे बसल्यावर सैल करते आणि उठायच्या आधी पुन्हा आवळते.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करते. कवडसा यांचं वर्णन वाचून लिहावंसं वाटलं. ज्यांचे सांधे फार लवचीक असतात त्यांच्यात हे मी वारंवार बघते: मळ बाहेर टाकताना जो स्नायू सैल पडायला हवा तोच नकळत आवळला जातो. वरून ढकलायचं आणि खालून दार बंद करायचं, असं एकाच वेळी चालतं. याला कितीही रेचक दिलं तरी फार उपयोग नाही, उलट पातळ झालेला मळही अडतो.

तपासणी सोपी आहे. गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात साधारण ५० मिली पाणी भरतात आणि खासगीत बसून तो बाहेर टाकायला सांगतात. साधारण मिनिटाभरात तो पडायला हवा. जोडीला मॅनोमेट्रीत स्नायूंचा दाब मोजतात. दोन्हींत दोष निघाला तर बायोफीडबॅक करतात, म्हणजे पडद्यावर आपल्या स्नायूंचा दाब बघत सैल सोडायला शिकणं. यासाठी औषध लागत नाही, आणि या प्रकारच्या बद्धकोष्ठतेत तो रेचकांपेक्षा सरस ठरतो.

आणि तपासण्यांचा क्रम सांगते, कारण तो बहुतेक वेळा उलटा होतो. शेवटच्या टप्प्याची तपासणी आधी करा. मोठ्या आतड्याचा वेग नंतर मोजा. दार बंद असेल तर मागचं सगळं आपोआप तुंबतं आणि आतडं मंद असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. वेग मोजायला एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या २४ छोट्या कड्या असलेली कॅप्सूल गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचापेक्षा जास्त कड्या उरल्या तर आतडं मंद.

कवडसा

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मुलाखतीला बसल्यासारखे प्रश्न विचारतात आणि शेवटी कोंडाच लिहून देतात. फुग्याची चाचणी मागून घेते.

दुपारचं_ऊन

माझा मधुमेह जुना आहे, त्यातून नसा बिघडल्या. जठराची चाचणी झाली आहे: किरणोत्सर्गी खूण मिसळलेलं हलकं जेवण देऊन चार तास छायाचित्रं घेतात. चार तासांनंतर १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरलं तर जठर मंद समजतात. ज्यांची अर्ध्या-दीड तासात उरकली असेल त्यांनी पूर्ण चार तासांची मागावी. त्या दिवशी साखर फार चढलेली असेल तर चाचणी फसवी येते, कारण वाढलेली साखर स्वतःच जठराला मंद करते. सेमाग्लुटाइडसारखी मधुमेहाची औषधंही तेच करतात.

माझ्या बाबतीत सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे इन्सुलिन आणि जेवण यांची चुकामूक. इन्सुलिन आधी काम करतं, अन्न मागून पोचतं. जेवल्यावर साखर पडते आणि काही तासांनी एकदम चढते. ही आकड्यांची जोडी वहीत दिसली की डॉक्टरांना दाखवा.

जेवणाचं माझं गणित आता असं आहे: मोठ्या तीन जेवणांऐवजी छोटी पाच, तेल-तूप कमी, कारण स्निग्ध पदार्थ जठराला सर्वांत जास्त थोपवतात. घन पदार्थ बारीक वाटून किंवा मऊ शिजवून. द्रव पदार्थ मंद जठरातूनही बरेचसे सुटतात, म्हणून ज्या दिवशी मळमळ जास्त त्या दिवशी पातळ सूप. जेवल्यावर आडवं होत नाही, हळूहळू येरझारा घालतो.

निळाई

छोट्या जेवणांचा दुहेरी फायदा आहे. मोठं, पिष्टमय जेवण झालं की पोटाकडे रक्त धावतं आणि दुबळ्या मज्जासंस्थेला ते भरून काढता येत नाही. जेवणानंतर दोन तासांत रक्तदाब २० नं पडू शकतो. ज्यांना जेवल्यावर गळून गेल्यासारखं वाटतं त्यांनी एकदा जेवणाआधी आणि नंतर मोजून बघावं. अशांनी येरझाराही जपूनच घालाव्यात, बसून पाय हलवले तरी चालतात.

पण दिवसभर चरत राहू नका. पोट रिकामं असताना दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक जोरकस लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते. तोंड सतत चालू असेल तर ती लाट सुरूच होत नाही. दोन खाण्यांत अंतर हवंच.

रानपाखरू

माझी आजी सांगायची, रेचकाची सवय लागली की आतडं आळशी होतं. सोनामुखी, बिसाकोडिल अशा गोळ्या मी भीतीनं घेतच नाही. गुणगुणणं, गुळण्या, गार पाण्यानं तोंड धुणं यांनी व्हेगस जागी होते असं वाचलं, तेच करते. बरोबर आहे ना?

पाऊलवाट

रानपाखरू, सांगितलेल्या मापात घेतलेल्या सोनामुखी किंवा बिसाकोडिलनं आतड्याच्या नसा खराब होतात याला पक्का पुरावा नाही. सोनामुखीनं आतड्याचं आतलं अस्तर काळपट दिसतं, ते निरुपद्रवी असतं. ज्यांच्या नसा आधीच दुबळ्या आहेत त्यांना बाहेरून चालना लागते, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. गोळीला ६ ते १२ तास लागतात म्हणून रात्री, आणि बिसाकोडिलची गोळी दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घ्यायची नाही. सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची औषधाची कांडी) १५ मिनिटांपासून तासाभरात काम करते, त्यामुळे वेळ आपल्या हातात राहते.

निळाई

रानपाखरू, गुणगुणण्यानं मन शांत होत असेल तर जरूर करा, मीही संथ श्वसन करते. पण गार पाण्यानं नाडीवर होणारा क्षणिक परिणाम म्हणजे मंद आतडं हलणं असा अर्थ लावू नका, आणि तेवढ्यावर विसंबून खडा साठू देऊ नका. साठलेल्या खड्याच्या बाजूनं पातळ पाणी झिरपतं. माणूस जुलाब समजून बंद होण्याची औषधं घेतो, आणि आत मळाची गाठ वाढत जाते. वयस्कर माणसांत हे विशेष बघा.

आपल्या विकाराच्या औषधांची दुसरी बाजूही इथेच लिहून ठेवते. शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोननं रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि कमी पोटॅशियमनं आतडं आणखी मंदावतं. वर जुलाब करवणारी औषधं घेतली तर पोटॅशियम आणखी उतरतं. वेळोवेळी रक्त तपासा. अमिट्रिप्टिलिन, लघवी रोखणाऱ्या काही गोळ्या, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या, मळमळीची ओन्डान्सेट्रॉन, लोह, कॅल्शियम, क्लोनिडिन, वेरापामिल, अफूवर्गातली वेदनाशामकं, या सगळ्यांनी बद्धकोष्ठता होते. मॅग्नेशियम मळ मऊ करतं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं. फॉस्फेटचा एनिमा वयस्कर, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या किंवा एनिमा आतच अडकून राहणाऱ्या माणसाला देऊ नये, क्षारांचा घातक बिघाड होतो. रक्तदाब चढवणारं मिडोड्रिन घेतल्यावर साधारण चार तास सपाट झोपायचं नसतं, तेव्हा पोटाचा मसाज आडवं पडून करणाऱ्यांनी ती वेळ टाळा. (मसाज उजवीकडे खालून वर, मग आडवा, मग डावीकडे खाली, आतड्याच्या दिशेनं.)

दोन औषधं नीट बोलून घेण्यासारखी आहेत. पायरिडोस्टिग्मिन काही पॉट्सवाल्यांची उभं राहिल्यावरची धडधड कमी करतं आणि आतडंही हलवतं. पोटात कळा येऊ शकतात, नाडी मंदावू शकते. प्रुकालोप्राइड मोठ्या आतड्याच्या मंदपणावर, दिवसातून एकदा २ मिलिग्रॅम. सुरुवातीला डोकेदुखी आणि मळमळ होते, बहुतेकांची काही दिवसांत ओसरते.

पैलतीर

माझ्या दादाच्या मानेच्या मणक्याला इजा झाली आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा असेल तर तुंबलेल्या मळामुळे किंवा भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकदम भडकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो आणि नाडी मंदावते. ही तातडीची अवस्था आहे, पक्षाघात होऊ शकतो. दादाला लगेच ताठ बसवतो, पाय खाली सोडतो, कपडे-पट्टे सैल करतो, आधी लघवीची नळी पिळली गेली आहे का बघतो, मग शौचाचं. बोटानं मळ काढण्याआधी भूल आणणारी जेल लावून काही मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर त्या स्पर्शानंच दाब आणखी चढतो. दाब उतरला नाही तर थेट रुग्णालय. तिथेही काही वेळा समजावून सांगावं लागतं, कारण दादाचा रोजचा रक्तदाब ९०-१०० असतो आणि १४० बघून कोणाला घाबरण्यासारखं वाटत नाही. त्याच्यासाठी तो फार जास्त असतो.

रोज ठरलेल्या वेळी सपोझिटरी आणि जेवणानंतर अर्ध्या तासानं बसवणं, हा नियम आम्ही मोडत नाही. गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुण्याचं साधन आता परिचारिकेकडून शिकतोय.

निळाई

पैलतीर, तुमच्या दादाला तुमच्यासारखं माणूस आहे याचं खूप बरं वाटलं.

धोक्याच्या खुणा सगळ्यांसाठीच: मळात रक्त, काळा डांबरासारखा मळ, कारण नसताना उतरणारं वजन, थांबत नसलेली उलटी, पोट फुगून वारासुद्धा न सरणं, ताप, वयाच्या पन्नाशीच्या आसपास नव्यानं सुरू झालेली बद्धकोष्ठता. मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा आणि लघवी अडणं एकदम सुरू झालं तर त्याच दिवशी दाखवा.

आणि ज्यांना तोंड-डोळे कोरडे, घाम येत नाही, उजेडात डोळे दिपतात, उभं राहिलं की रक्तदाब पडतो आणि बद्धकोष्ठता तीव्र आहे, हे सगळं थोड्या आठवड्यांत आलं, त्यांनी न्यूरोलॉजिस्टना रोगप्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या प्रकाराबद्दल जरूर विचारा. त्यात गँग्लिऑनमधल्या (नसांच्या जोडगाठींतल्या) संदेश झेलणाऱ्या ग्राहकांवर (रिसेप्टर्सवर) हल्ला करणारी प्रतिपिंडं रक्तात सापडू शकतात, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. थायरॉइड, कॅल्शियम, साखर हे तर कुणाचंही आधी तपासायचं.

कवडसा

अपडेट देते. फुग्याची चाचणी झाली, फुगा बाहेर पडला नाही, मॅनोमेट्रीतही दोष दिसला. बायोफीडबॅक सुरू होतंय. कोंडा बंद केला, पावडर कमी मापात चालू आहे, फुगणं कमी आहे. एक शंका: पोटाचे डॉक्टर म्हणाले मिठाच्या गोळ्यांनी जठर चिडतं, बंद करा. नाडीच्या डॉक्टरांनीच तर त्या दिल्या होत्या.

निळाई

परस्पर बंद करू नका, मीठ कमी झालं की तुमची धडधड परत येईल. मिठाच्या गोळ्यांनी जठराला त्रास होतो हे खरं आहे, म्हणून तेवढंच मीठ दिवसभरात जेवणातून आणि क्षारांच्या पाण्यातून विभागून घेता येईल का, असं नाडीच्या डॉक्टरांना विचारा. पोटाच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. बायोफीडबॅकच्या पहिल्या काही बैठकी दुपारच्या घ्या, सकाळची घेरी ओसरलेली असते तेव्हा.